नंदीचे कोरडे पाय

पडद्यावरचा आकडा एक्केचाळीसच्या वर जाईना. केतकी क्षीरसागरनं नकाशा बदलला, आवाज थोडा खाली आणला, मधेच थांबून पाणी प्यायली. आकडा चाळीसवर आला.

वेळूसांगवीचं समाजमंदिर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकाच्या कपाळावर बोटभर रुंदीची काळी पट्टी होती. पुरुषांनी ती टोपीखाली सरकवली होती, बायकांनी पदराआड. गावात तिला पट्टी कुणीच म्हणत नसे. "बांधा रं मुंडावळ्या, सरकारी लगीन लागायचंय," असं ओरडत ग्रामपंचायतीचा शिपाई त्या वाटायचा आणि दर सभेला लोक तेवढंच हसायचे.

केतकी जिल्ह्याच्या आपत्ती संवाद कक्षात भूशास्त्रज्ञ होती. तिला एकच गोष्ट सांगायची होती. यंदा मोठा पूर आला तर पाणी समोरून, कृष्णेच्या घाटावरून येणार नाही. ते गावाच्या पाठीमागून, ओढ्यातून येईल.

कारण साधं होतं. नदी दर पुरात काठावर गाळ टाकते, त्यामुळे काठ उंच असतो आणि जमीन काठापासून मागे उतरत जाते. वेळूसांगवीचा घाट उंचावर आणि मागची आळी खोलगट भागात होती. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्याच्या तोंडातून उलटं आत शिरायचं आणि ओढ्यापलीकडच्या रानात पसरायचं. आता त्या रानातून महामार्ग गेला होता, दोन पुरुष उंचीच्या भरावावरून. पाण्याला पसरायला मागची आळीच उरली होती. केतकीच्या हिशेबानं घाट कोरडा असतानाच त्या आळीत कंबरभर पाणी उभं राहणार होतं.

हे ती तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगून थकली. सभा संपली तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं उमटली : सूचना पोहोचली नाही.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, हे बाहेरून थोडंफार पाहता येतं. पट्टीतून कपाळात मंद, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात. तो कवटीतून जरासा आत जातो, मेंदूच्या वरच्या थराला भिडून परत येतो. परतलेल्या प्रकाशावरून तिथल्या रक्तात प्राणवायू किती आहे, म्हणजे तो भाग किती कामात आहे, हे कळतं. बोलणाऱ्यालाही तशीच पट्टी असते. माणूस लक्ष देऊन ऐकत असला की त्याच्या मेंदूतले चढउतार बोलणाऱ्याच्या चढउतारांमागोमाग जातात. हे दोन आलेख एकमेकांवर जितके नेमके बसतील, तितकी 'जुळणी' जास्त. या तत्त्वावर 'दुवा' नावाची यंत्रणा उभी राहिली आणि पाठोपाठ नियम आला : जुळणी पंच्याहत्तरच्या वर गेल्याशिवाय धोक्याची कोणतीही सूचना लोकांपर्यंत पोहोचली असं धरायचं नाही. हेतू चांगलाच होता. त्याआधी अधिकारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस डकवून मोकळे होत.

*

वेळूसांगवी केतकीचं आजोळ. सभेनंतर ती रामलिंगमामांकडे जेवायला गेली. मामा घाटावरच्या महादेवाचे गुरव.

"पडलीस म्हणं परीक्षेत," पारूमामी भाकरी थापता थापता म्हणाली. "कॉलेजात तर कधी पडत नव्हतीस."

मामा हसले नाहीत. "केतके, माझ्या आज्ज्यापासनं घंटा आमच्याकडं हाय. नंदीचे पाय भिजल्याबिगर या गावात पाणी शिरलेलं न्हाई. एकदा तरी शिरलंय का, सांग."

गावाचा शिरस्ता असा होता. पावसाळ्यात मामा देवळासमोरच्या दगडी नंदीवर नजर ठेवायचे. पाणी नंदीच्या पायांना लागलं की घंटा वाजवायचे. घंटा ऐकून बायका साडी-खण-नारळ घेऊन घाटावर यायच्या, कृष्णामाईची ओटी भरायच्या. मग गाव सामान बांधून शाळेच्या माळावर जायचं. आजवरच्या प्रत्येक पुरात हा क्रम उपयोगी पडला होता.

"नाही शिरलं," केतकी म्हणाली. "पण तेव्हा भराव नव्हता, मामा."

"नदी फुडं हाय. पाणी मागनं कसं यील?"

केतकीनं मामीची काठवट ओढली, कडेला पिठाचा उंचवटा केला, एका बाजूला पळी आडवी लावली आणि पाणी ओतलं. पाणी उंचवट्याला वळसा घालून मागच्या बाजूला साचलं. "हा नंदी," तिनं कोरड्या पिठावर बोट ठेवलं, "आणि ही मागची आळी."

मामांनी वाकून पाहिलं. "काठवटीत यील की. काठवटीत काय, समदंच येतंय."

"माझं पीठ गेलं," मामी म्हणाली.

*

"तुम्ही बरोबर आहात की चूक, हा माझा प्रश्नच नाही," कक्षाचे प्रमुख सबनीस फोनवर म्हणाले. "पोहोचलं का, एवढंच मला वर कळवायचं असतं. पावसाळा तोंडावर आलाय आणि सगळ्या तालुक्यात तुमचं एकच गाव लाल आहे. दुवाच्या सुचवण्या घ्या की. त्या कशासाठी दिल्यात?"

दुसऱ्या सभेत केतकीनं सुचवण्या घेतल्या. बोलता बोलता समोरच्या काचेवर तयार वाक्यं उमटत होती. 'ओढ्यातला फुगवटा' म्हणू नका, 'वाढतं पाणी' म्हणा. आकडा चढला. 'वाढतं पाणी' नको, 'नदीचं वाढतं पाणी' म्हणा. आणखी चढला. मग काचेवर आलं : 'कृष्णामाई आधी नंदीचे पाय धरते, हे आपले वाडवडील सांगून गेले.' केतकी अडखळली, पण वाचून गेली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बायकांमधून कुणीतरी "व्हय गं बाई" म्हणालं. त्या तयार मजकुरात ओढा एकदाच आला आणि त्या वाक्याला आलेख खड्ड्यात गेल्यासारखा खाली आपटला. पुढच्या वाक्याला तो परत वर आला. सरासरी निघाली अठ्ठ्याऐंशी. पडदा हिरवा झाला, टाळ्या पडल्या.

बाहेर चपला घालताना तिनं मामीला गाठलं. "मामी, काय कळलं आज?"

"लई ग्वाड बोललीस. नंदीचे पाय भिजले की ओटी भरायची, कागदपत्रं घ्यायची आन् माळावर जायचं."

"आणि ओढा?"

"कुठला ओढा?"

त्या आठवड्यात केतकीनं दुवामागचे मूळ शोधनिबंध काढून वाचले. उत्तर तिथंच होतं, तळटीपेत. जुळणी सर्वांत चांगली येते तेव्हा ऐकणारा बोलणाऱ्याच्या मागे नसतो, किंचित पुढे असतो. पुढचं वाक्य त्याला आधीच ठाऊक असतं. दोन आलेख नवी गोष्ट समजल्यामुळे जुळले की जुनी गोष्ट पुन्हा ऐकल्यामुळे, हे पट्टीला सांगता येत नाही. म्हणजे जे सांगायची काहीच गरज नाही, त्याला पैकीच्या पैकी गुण. जे आजवर कुणी ऐकलेलं नाही, ते सांगणारा नापास. आणि पुराची धोक्याची सूचना तर नवी असली तरच कामाची.

तिनं हे सबनीसांना लिहून कळवलं. उत्तर आलं : "मुद्दा रोचक आहे. पावसाळ्यानंतर बोलू."

*

अठ्ठ्याऐंशी मिळालेल्या गावात पुन्हा सभा कुणी घेत नाही. केतकीनं घेतली. सबनीसांचे तीन फोन तिनं उचलले नाहीत.

सुचवण्यांची काच तिनं उलटी करून टेबलावर ठेवली. आधी शांतपणे बोलली. ओढा, भराव, मागची आळी. आकडा पंचेचाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस. कुणी जांभई दिली. मागून एकजण म्हणाला, "बाई, हे झालं की मागल्या टायमाला. चांगलं बोलला हुता तवा."

त्या वाक्यानं तिचा तोल गेला.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले! तुम्हाला आवडावं म्हणून. आता खरं ऐका. यंदा तुमचा नंदीही खोटं बोलणार आहे."

पुढच्या रांगेतले म्हातारे ताठ झाले.

"नंदी कोरडा राहील आणि मागची आळी बुडेल. तुम्ही घाटावर ओट्या घेऊन नंदीच्या पायांकडे बघत बसाल, आणि तिकडं तुमची म्हातारी माणसं खाटेवरच बुडतील. आणि घंटेची दोरी धरून उभा असेल तो माझा सख्खा मामा!"

"ए बाई, तोंड सांभाळ!"

"नंदीला खोटारडा म्हणती? कुणाची ही?"

"गुरवाची भाची. आजोळी यून शेण खाल्लं."

रामलिंगमामा उठले. "केतके, खाली बस."

"नाही बसणार."

"तुझ्या आईच्या लग्नाच्या अक्षता त्या नंदीम्होरं पडल्यात."

"म्हणून पाणी थांबणार आहे का, मामा?"

मामांचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ऐका रं. ओढ्यातनं पाणी आलं, तर ही मिशी समद्या गावादेखत उतरवीन. आन् न्हाई आलं, तर या पोरीनं नंदीम्होरं नाक घासायचं." मग त्यांनी कपाळावरची पट्टी सोडली, टेबलावर टाकली आणि बाहेर पडले. त्यांच्यामागोमाग माणसं रांगेनं येऊन पट्ट्या टाकत गेली. टेबलावर काळा ढीग झाला. पारूमामीनंही टाकली. तिनं केतकीकडे बघितलं नाही.

शेवटचा आकडा होता बारा.

"बारा," दुसऱ्या दिवशी सबनीस म्हणाले. "राज्यात कुणाचाच एवढा नाही. भिंतींशी बोललात तरी जास्त येईल." केतकीला गावांच्या दौऱ्यावरून काढून कार्यालयात बसवलं. वेळूसांगवीसाठी दुसऱ्या सभेचं, अठ्ठ्याऐंशीचं ध्वनिमुद्रण मंजूर झालं. ते रोज सकाळ-संध्याकाळ गावातल्या प्रत्येक फोनवर आणि देवळाच्या कर्ण्यावर वाजू लागलं. 'कृष्णामाई आधी नंदीचे पाय धरते...' आवाज केतकीचाच होता. तो थांबवण्यासाठी तिनं तीन अर्ज केले. प्रत्येक अर्जावर एकच शेरा आला : मंजूर संदेशात बदल करण्यास कारण दिसत नाही.

*

पावसाळा निम्मा सरला आणि धरणांतून पाणी सोडायला सुरुवात झाली. केतकीनं मामांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मामीनं उचलला.

"मामा कुठं आहेत?"

"इचारू नगस. ओढ्याच्या मोरीवर बसल्यात."

"कुठं?"

"मोरीवर, त्या बारक्या पुलावर. प्लास्टिकची खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री. पोरीला खोटं पाडल्याबिगर उठत न्हाई म्हणत्यात. पाण्यातल्या दगडाला चुना फासलाय. सकाळी उठलं की आधी दगड बघायचा, मग चहा. जेवाय बी घरी येत न्हाईत. आन् एकटे व्हय? निम्मं गाव तिथं. मागल्या आळीची तर झाडून समदी. काय म्हणत्यात ठावं हाय? बाईचा ओढा. आन् तू हिकडं कर्ण्यावर वरडतीस, नंदीकडं बघा, नंदीकडं बघा. एकदा काय ते नक्की तर कर."

"मामी, तो कर्णा..." केतकीनं वाक्य अर्धवट सोडलं. "त्यांना उठवू नका तिथून. काही झालं तरी उठवू नका."

"मी कोण उठवणार? माझं ऐकत्यात व्हय?"

पाणी आलं ते सकाळी, लोकांच्या चहाच्या वेळेला. आधी ओढा वाहायचा थांबला. मग त्यातलं शेवाळ, काटक्या, एक फुटकी चप्पल, सगळं उलट्या दिशेनं, नदीकडून गावाकडे सरकू लागलं. मोरीवरच्या माणसांची चेष्टा मध्येच थांबली. चुन्याचा दगड बघता बघता दिसेनासा झाला. रामलिंगमामा खुर्चीवरून उठले आणि घाटाकडे धावत सुटले. नंदीचे पाय खडखडीत कोरडे होते. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि घंटेची दोरी ओढली.

ठरल्याप्रमाणे बायका ताटं घेऊन घाटावर आल्या. नंदी कोरडा बघून थांबल्या. कर्ण्यावर केतकीचा आवाज चालू होता.

"ओटी ऱ्हाऊ दे!" मामा ओरडत होते. "मागं पाणी आलंय. माळावर चला."

"अवो, पण पाय कुठं भिजल्यात?"

"पायाचं मी बघतो! चला!"

घाटावर असा घोळ चालला होता, पण मागच्या आळीला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिथली माणसं पावसाळाभर मोरीवर बसून, चुन्याच्या दगडावर पैजा लावत होती. दगड बुडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी म्हातारी माणसं खांद्यावर घेतली, जनावरं सोडली. दुपारपर्यंत आळीत पाणी खिडक्यांच्या वर चढलं. आत माणूस नव्हतं. नंदीचे पाय शेवटपर्यंत कोरडे राहिले.

*

कक्षाच्या अहवालात वेळूसांगवीला चौकट मिळाली. जुळणी अठ्ठ्याऐंशी. जीवितहानी नाही. यशस्वी संदेशाचा नमुना.

"अभिनंदन करायला बोलावलंय," सबनीस म्हणाले. "आवाज तुमचाच आहे. तो आता साऱ्या जिल्ह्यात वापरायचा म्हणतोय."

"सर, त्या संदेशात ओढ्याचं एकच वाक्य आहे, आणि ते कुणीच ऐकलेलं नाही."

"पण माणसं वाचली ना?"

"मला खोटं पाडायला बसली होती म्हणून वाचली."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरोखरच अडचण होती. "हे कुठल्या रकान्यात भरू, सांगा."

केतकीनं तिसऱ्या सभेचे आलेख पुन्हा उघडले. बाराच्या आकड्यामागे शंभर-दीडशे रेघा होत्या आणि एकही दुसरीसारखी नव्हती. तिच्या बोलण्यामागून कुणीच चाललं नव्हतं. पण एकही रेघ झोपलेलीही नव्हती. प्रत्येकजण मनात तिला उत्तर देत होता. ती उत्तरं पावसाळाभर मोरीवर चालू राहिली होती. ते मोजायला दुवात सोय नव्हती. तिनं पुन्हा एक टिपण लिहिलं. त्यालाही उत्तर आलं : पुढील आर्थिक वर्षात विचार करू.

ती वेळूसांगवीला गेली. मामा देवळाच्या पायरीवर बसले होते. ओठांवरची पांढरी, गुळगुळीत पट्टी बघून तिला क्षणभर ते परके वाटले.

"मामा, पाणी आलं होतं," ती म्हणाली. तिला आणखी बरंच म्हणायचं होतं.

"आलं. मिशी गेली. समद्या गावादेखत, न्हाव्याला बोलवून. त्यो हिशेब मिटला." त्यांनी नंदीकडे बोट केलं. "ह्येचा ऱ्हायलाय. खोटारडा म्हणालीस त्याला. त्यो कवा खोटं बोलला? त्याच्यापतुर पाणी आलंच न्हाई. त्यानं पाय कोरडं ठेवलं आन् तेच सांगितलं."

केतकीनं नंदीपुढे डोकं टेकलं आणि माफी मागितली. मामी आतून म्हणाली, "आता जेवून जा."

*

पुढच्या उन्हाळ्यात सबनीसांनी तिलाच वेळूसांगवीला पाठवलं. "गाव तुम्हाला मानतं आता," ते म्हणाले. शिपायानं मुंडावळ्या वाटल्या, लोक हसले. केतकीनं ओढ्यापासून सुरुवात केली. नदी फुगली की ओढा उलटा फिरतो. आकडा सरसर चढला. मागच्या आळीतली माणसं तिची वाक्यं तिच्याआधी पुटपुटत होती. तिनं भराव म्हणायच्या आत सभेतून "भराव!" आलं. आकडा त्र्याण्णववर गेला, पडदा हिरवा झाला. गेल्या वर्षी याच शब्दांना एक्केचाळीस मिळाले होते.

कार्यक्रम तिथंच संपायला हवा होता. शिपाई पट्ट्या गोळा करायला उठलाही होता. पण केतकीच्या पिशवीत या हिवाळ्यातली मोजणी होती. पुरानंतर ओरड झाली म्हणून भरावाखालून नवी मोठी मोरी काढली होती. आता ओढ्याचं पाणी तुंबणार नव्हतं. ते या नव्या मोरीतून पलीकडे जाऊन उत्तरेच्या खोल पाणंदीत, म्हणजे बैलगाडीच्या जुन्या वाटेत उतरणार होतं. आणि पाणंद जात होती थेट शाळेच्या माळाखालून, जिथं पुरात सारं गाव गोळा व्हायचं. माळाचा रस्ताच तुटणार होता.

सुचवण्यांच्या काचेवर अक्षरं उमटली : इथे थांबा.

"यंदा ओढा काही सांगणार नाही," केतकी म्हणाली. "यंदा पाणंदीकडं लक्ष ठेवा. आणि माळावर जाऊ नका."

कुजबूज झाली. आकडा ऐंशीवर आला, साठवर आला.

"आता हे काय नवीन?"

"गेल्या साली ओढा म्हणत हुती."

"माळावर न्हाई तर कुठं, आभाळात?"

पहिल्या रांगेत रामलिंगमामा बसले होते. मिशी परत आली होती, पहिल्यापेक्षा पांढरी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "केतके, औंदा काय, भुवया काढू?"

सभा खदखदून हसली. केतकी हसली नाही. तिनं नकाशा उलगडला, पाणंद दाखवली, उतार दाखवला, पुन्हा दाखवला. आकडा अडतीस. आपण हे आयुष्यभर करत राहणार आणि दर वेळी इथंच येऊन अडकणार, असं तिला स्पष्ट दिसलं.

मामा उठले. पट्टी सोडून टेबलावर टाकली. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची एका हातानं उचलली.

"पाणंदीतनं पाणी आजवर आलेलं न्हाई," ते म्हणाले, "आन् येणार बी न्हाई. तुला खोटं पाडतो बघ."

दारापर्यंत जाऊन ते वळले.

"कुठं बसायचं, तेवढं सांग."